नाव छापण्याच्या अटीवर

रात्री सव्वाअकराला तो येतो, दिल्लीहून.
चेहरा नाही, हुद्दा आहे: एक वरिष्ठ अधिकारी.
रामलिंग खिंड गल्लीतल्या आमच्या माडीवर
पंखा खडखडतो, आणि मी त्याला मराठीत आणते.

मोहीम मर्यादित आहे.
सर्व पर्याय खुले आहेत.
योग्य वेळी, योग्य ठिकाणी.
आणि शेवटी ती ओळ, जी आता बोटंच टाइप करतात:
नाव न छापण्याच्या अटीवर त्यांनी सांगितले.

एकोणीस वर्षं झाली.
आमच्या भाषेनं त्याची फार सोय केली आहे.
समजते. कळते. सांगण्यात आले.
कर्ता शोधायला गेलात तर
क्रियापद दारात उभं राहून म्हणतं,
साहेब आत नाहीत.

बोळापलीकडे कन्नड पेपरात ईरण्णा
तीच बातमी उतरवतो.
तो लिहितो मूलगळु, मी लिहिते सूत्रे.
"तुझा दोरा, माझं मूळ," टपरीवर तो म्हणतो,
"ओढून बघू या का एकदा, काय वर येतं?"
ओढत नाही. चहा संपतो. दोघांची पानं एकलाच सुटतात.

आणि हे या गावात,
जिथं नावासाठी पाट्यांना डांबर फासतात,
बसच्या काचेवरल्या अक्षरांवरून डोकी फुटतात;
माझ्या लग्नपत्रिकेत गावाचं नाव कसं लिहायचं
यावरून दोन मामा न जेवता गेले.
खेड्याखेड्यात वेशीपाशी दगड आहे:
नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, साल.
दगडावर सूत्रे लिहिलेलं मी कुठं वाचलं नाही.

साडेअकराला फोन. निलजीहून.
"बाई, मी शेवंता बोलतो."
(इकडच्या बायका स्वतःला बोलतोच म्हणतात.)
"त्यो साहेब आज काय म्हणूलाय?"
मी वाचून दाखवते.
"मर्यादित म्हंजे कुठवर?
आमचा कल्लाप्पा त्याच्या आत हाय का भाईर?"
तसं लिहिलेलं नाही, मी म्हणते.
"मग त्येलाच इचार की. नाव काय त्याचं?"
नाव नाही.
बराच वेळ तिकडून फक्त म्हशीची साखळी.
"आईनं ठेवलं नाही?"

बाराव्या रात्री मी सहा ओळी लिहिल्या.
जिल्ह्याच्या पानावर, कुंद्याच्या जाहिरातीखाली:
निलजीच्या शेवंताबाई मष्णू मुतगेकर यांनी
नाव छापण्याच्या अटीवर सांगितले की,
मुलगा बावीस दिवस बोललेला नाही,
त्याला वांगी चालत नाहीत,
आणि मर्यादा कुठे आहे
हे त्यांना अद्याप कळलेले नाही.

संपादकांनी चष्मा कपाळावर नेला.
"हे कुणी सांगितलं? खात्री केलीस?
उद्या अंगावर आलं तर?"
पहिल्या पानावरच्या साहेबांबद्दल
एकोणीस वर्षांत त्यांनी असं विचारलं नव्हतं.
खाली खानापूरची गाडी हॉर्न देत होती.
"जाऊ दे," ते म्हणाले.
पान जाऊ दे, की मजकूर जाऊ दे,
दोन्ही होतं त्यात.
मी पान सोडलं.

सकाळी सातला फोन वाजला.
निलजी. मी उठून बसले,
हात कोरडा करून मगच उचलला,
का, ते सांगता येणार नाही; हात ओला नव्हता.

"बाई, आमी मोदगेकर.
तुमी मुतगेकर छापलासा."
चुकलं माझं.
"नीट करा तेवढं.
मुतगं पलीकडचं गाव.
पोस्टमन तिकडं जाईल."

दुसऱ्या दिवशी पान सहा, तळाला, बारीक टाइपात:
मुतगेकर या ऐवजी मोदगेकर असे वाचावे.
पान एकवर, परिस्थिती नियंत्रणात असल्याचे समजते.
तिथं दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं.